पानं पिवळी पडण्याचं संभाव्य कारण

चहाचा अर्धा कप पोटात गेल्यावर शिवदासला उरलेल्या अर्ध्या कपात एक पांढरा ठिपका पोहताना दिसला. पोहताना म्हणणं ही ठिपक्याची उगाच स्तुती झाली. तो नुसता तरंगत होता, कापसाच्या बारीक बोळ्यासारखा, कडेला लागला की परत मध्ये येत होता. शिवदासने कुलेराने, चहाच्या चमच्याने, तो अलगद उचलला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि पाहिलं. कापसाला पाय होते. पाठीवर पीठ भुरभुरवल्यासारखी पूड, खाली गुलाबी मऊ अंग आणि कडेने झालरीसारखे केस. पिठ्या ढेकूण. शिवदासने हे नाव नोकरीच्या तीस वर्षांत किमान चारशे कागदांवर लिहिलं होतं, आणि त्यातल्या बहुतेक कागदांच्या वेळी आसपास एकही पिठ्या ढेकूण नव्हता. ज्याच्या नावावर इतकी वर्षं वाटेल ते खपवलं, तो आज सकाळी साडेसातला स्वतः भेटायला आला होता. आणि एकटाच आला असेल असं मानायला काही आधार नव्हता. अर्धा कप आधीच आत गेला होता. शिवदासने जीभ टाळूवर फिरवून पाहिली. जिभेला काहीतरी लागलं. चहात बुडवलेल्या उंड्याचं, पावाचं, साल असेल. उंड्याचंच, असं त्याने ठरवलं. ठरवून टाकण्यात तो वाकबगार होता. तरी पोटातून एक कोमट, गोडसर उमाळा वर आला, आणि तो मोरीकडे न धावता खुर्चीतच बसून राहिला, कारण उमाळ्याची चव ओळखीची होती. मणगण्याची, चणाडाळीच्या खिरीची होती. आणि मणगणं त्याने गेल्या तीस वर्षांत तोंडात घातलं नव्हतं.

त्याने वर पाहिलं. खुर्चीच्या डोक्यावर लोखंडी मांडणी, मांडणीवर अकरा कुंड्या, कुंड्यांत सुमंगलाची अकरा अडेनियमं. वाळवंटातला गुलाब म्हणतात त्याला; झाड गुलाबाचं नव्हे आणि डिचोलीत वाळवंट नाही, पण नाव ठेवणाऱ्याला कोण विचारतो. मातीच्या वर फुगलेलं राखाडी खोड, श्राद्धाचं जेवून भिंतीला टेकलेल्या माणसाच्या पोटासारखं. त्यातून चारदोन आखूड फांद्या, फांदीच्या टोकाला पानांचा झुबका आणि हंगामात गुलाबी कर्णे. यातलं सगळ्यात जुनं आणि पोटाळं होतं त्याला सुमंगला म्हातारा म्हणायची. रोज सकाळी, "काय रे म्हाताऱ्या, निजलंस बरो?" असं त्याला विचारायची, नवऱ्याला हा प्रश्न विचारल्याचं शिवदासला आठवत नव्हतं. आता म्हाताऱ्याच्या डोक्यावर पाच पानं होती. तीन पिवळी, एक अर्धं पिवळं आणि एक, जे अजून कुठल्या पक्षात जायचं ते ठरवत होतं. पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस बसला होता. खालची पानं चिकट झाली होती, चिकटावर काजळीसारखी काळी बुरशी चढली होती, आणि त्या काळ्यावरून मुंग्या आपल्या गाई चारायला निघाल्यासारख्या वरखाली करत होत्या. पलीकडच्या दोन कुंड्यांत पानांच्या पाठीला बारीक जाळं होतं, त्यात लाल कोळी. खाली फरशीवर गळलेली पानं. ती त्याने काल झाडली होती, आणि परवाही.

सुमंगला तीन महिने पार्श्याला लेकीकडे होती. गौरवीचं दुसरं बाळंतपण. पहिलं माहेरी झालं, दुसऱ्याला आई तिच्या सासरी गेली. निघताना तिने अकरा कुंड्यांसमोर उभं राहून शिवदासला एकच सूचना दिली होती: "थंडीच्या दिसांत आठवड्यातून एकदा, तेय अर्धो तांब्यो. जास्त नको." आणि मग, हे सांगण्याची गरज का पडावी असं त्याच्याकडे बघून, पुन्हा: "जास्त नको." आज चार वाजता जावई सिद्धेश तिला गाडीने आणून सोडणार होता. म्हणजे शिवदासच्या हातात साडेआठ तास होते. खाणकंपनीत असताना साडेआठ तासांत त्याने तीन गावांची झाडं निरोगी केली होती. कागदावर.

तीन महिने रोज सकाळी फोन यायचा. पहिली दोन वाक्यं नातवाची, तिसरं झाडांचं.

"पानां कशी आसत?"

"हिरवी."

"सगळी?"

"सगळी."

"फोटो धाडा."

फोटो धाडणं हे त्याचं जुनंच काम. पहिल्या पंधरवड्यात म्हाताऱ्याच्या एका फांदीचे त्याने ऐंशीएक फोटो काढून ठेवले होते; तीच फांदी उजवीकडून, डावीकडून, खालून आभाळ धरून, वरून फरशी टाळून. पुढे ती फांदी गेली, फोटो राहिले. रोज एक, दिवसाप्रमाणे. एकदा सुमंगला म्हणाली, "ह्यां पान कालच्यासारखांच दिसता," तेव्हा तो म्हणाला की निरोगी पान रोज सारखंच दिसतं, तेच निरोगीपणाचं लक्षण आहे. मग ती म्हणाली, "तुमका म्हायती." यात टोमणा होता का, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही, आज, कुलेरात पिठ्या ढेकूण धरून बसल्यावर, तो शब्द नव्याने घशाशी आला.

कामाला लागायचं म्हणून त्याने कापूस, स्पिरिट आणि सुमंगलाचा जुना दात घासायचा ब्रश आणला. अडेनियमप्रेमींचा एक मोबाइलवरचा गट होता, सुमंगलाने त्यालाही त्यात घातलं होतं. तिथे रोज शंभरेक माणसं पिवळ्या पानाचे फोटो टाकायची आणि दुसरी शंभर त्यांना उपाय सांगायची. ताक घाला. दालचिनी लावा. निंबोळीचं तेल चोळा. पानांशी बोला. एका वास्कोच्या बाईंनी आपल्या झाडाला भजनं ऐकवली होती आणि त्याची पानं परत आली होती, भजनांचा परिणाम की फेब्रुवारी संपल्याचा हे त्यांनी सांगितलं नव्हतं. शिवदासने कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून बेचक्यात घातला. पिठ्या ढेकूण पुसला जात नाही, तो फुटतो. फुटला की आतून नारिंगी, ताणलं जाणारं काहीतरी निघतं, अंड्याच्या बलकासारखं, आणि ते बोटाच्या पेराला धरून बसतं. एक, दोन, सात, मग मोजणं सोडलं. बोटं एकमेकांना चिकटू लागली. एक पान देठाशी मोडलं, पांढरा चीक आला. तो विषारी, डोळ्याला लागला तर दिवसभर आग. हे त्याला ठाऊक होतं आणि नेमका त्याच वेळी डोळा खाजला. वास स्पिरिटाचा, खाली कुजक्या ओल्याचा, आणि त्याखाली गोड. ती गोडीच सगळ्यात किळसवाणी. घाणीला घाणीचा वास यावा, एवढी साधी अपेक्षा होती.

बालकांवच्या, घरापुढच्या सज्ज्याच्या, खालून ट्रक गेला. मांडणी थरथरली, म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं अर्धं पिवळं पान सुटलं आणि शिवदासच्या मांडीवर येऊन बसलं. खाणी बंद झाल्या, सुरू झाल्या, परत बंद झाल्या, आणि यंदा नोव्हेंबरपासून पुन्हा थोड्या सुरू झाल्या होत्या. ट्रकवर ताडपत्री असते. ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांपैकी दोन बांधलेले असतात. मांडीवरच्या पानावर त्याने बोट फिरवलं आणि बोट तांबूस झालं. तेव्हा त्याच्या डोक्यात एक विचार असा सहज, पायजम्याची नाडी ओवावी तसा आला, की हे सगळं धुळीने झालं. चार वाजता सुमंगला विचारेल, आणि तो म्हणेल, धूळ. ट्रक सुरू झाले, माहीत आहे ना तुला. पुरावा बोटावर. खोटं बोलण्याच्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं होतं ज्याला पुरावा होता.

आणि मग त्याला हसू आलं, आणि हसता हसता परत तो गोड उमाळा. कारण 'धूळ' हा एकच शब्द लिहायचा नाही म्हणून कंपनीने त्याला तीस वर्षं पोसलं होतं. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर, हातात भिंग, खांद्याला झोळी. गावं त्याला पानवैद्य म्हणायची. खाणीच्या आसपासच्या कोणी अर्ज केला, की आमच्या काजूंवर, माडांवर, पोफळींवर लाल थर बसतो, पानं जळतात, झरीचं पाणी खाली गेलं, तर शिवदास पाहणीला जायचा. पाहणी नेहमी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, चार महिन्यांच्या पावसाने पानन्‌पान धुतल्यावर. 'पानं स्वच्छ आढळली.' हे वाक्य खोटं नव्हतं, याचा त्याला त्या काळी फार आधार वाटायचा. छापील नमुन्यात तीन रकाने. आढळलेली लक्षणं. संभाव्य कारण. शिफारस. दुसऱ्या रकान्यासाठी कचेरीत चौदा कारणांची यादी होती. पिठ्या ढेकूण, लाल कोळी, पालाशाची कमतरता, वाऱ्याचा मारा, मशागतीत हयगय, अशी. धूळ पंधरावं कारण झालं असतं, पण यादी चौदावर थांबायची. खाली सही. शिवदासची सही गांडूळ शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखी होती, आणि साहेब तिच्यावर खूश असायचे. "ह्या सहीचो माणूस कोणाक सापडूचो नाय," म्हणायचे. शिवदासलाही ते कौतुकच वाटायचं. गौरवी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या प्रगतिपुस्तकावर तो वेगळी, वाचता येणारी सही करायचा. दोन सह्या असलेला माणूस रात्री नीट झोपतो. एक कागदांसाठी, एक घरासाठी.

पण त्याच्या काही वर्षं आधीच, सदाशिवमामांचा अर्ज आला त्या वर्षी, कागद आणि घर ही दोन्ही टोकं एकत्र आली होती. सदाशिवमामा म्हणजे सुमंगलाचे वडील. त्यांचं कुळागर खाणीच्या अंगाखाली होतं, चारशे पोफळी, मध्ये केळी, मिरवेली, आणि वरून झरीचा पाट. पोफळींची पानं टोकांकडून पिवळी होत चालली होती, कोवळी सुपारी गळत होती. अर्ज मामांनी मोडी वळणाच्या अक्षरात लिहिला होता. त्यात तक्रार अशी नव्हतीच, फक्त 'पाहून कारण कळवावे' एवढं होतं. पाहणीला शिवदास साहेबांबरोबर गेला. सुमंगला, कडेवर दोन वर्षांची गौरवी, आधीच माहेरी येऊन बसली होती. जावई आणि जावयाचा साहेब घरी येणार, म्हणून सकाळपासून स्वयंपाक चालला होता. खतखतं, तळलेली विसवण, सोलांची कढी आणि शेवटी मणगणं. चण्याची डाळ, साबुदाणा, नारळाचा रस, गूळ. आधी कुळागरात फिरणं झालं. पावसाने धुतलेली पानं चमकत होती आणि तरी पिवळी होती. झरीचा पाट निम्म्यावर आला होता, तळाशी तांबडा गाळ, पायाच्या बोटांत घुसणारा, तेलकट. शिवदासने भिंग लावून एक पान पाहिलं, मग दुसरं. काय झालंय ते बिनभिंगाचंही दिसत होतं. चांगल्या पाण्याच्या जागी गाळ येतोय, देठांच्या बेचक्यांत लाल कीट बसलंय, मुळं तहानलेली आहेत.

"जावयबापू," मामांनी विचारलं, "पानां पिवळी कित्याक पडतत?"

साहेब शेजारी उभे होते, रुमालाने बूट पुसत. शिवदासने चौदा कारणं मनात चाळली. ढेकूण लिहावा तर मामा विचारतील, दाखव. हयगय लिहावी तर त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर कशी लिहावी. तो तर पोफळींना नावाने ओळखत होता. मग त्याला एक सौम्य, सभ्य, कोणाला न दुखावणारं कारण सुचलं. "पाणी जास्त होतंय, मामा," तो म्हणाला. "मुळां कुजतत. थोडां आवरतां घ्या." आणि नमुन्यावर लिहिलं: मुळाशी अतिरिक्त पाणी. शिफारस: पाणी कमी करावे. गांडूळ. साहेबांनी मान डोलावली. मामांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला नाही एवढंच. मग सगळे जेवायला बसले, आणि मामांनी स्वतः जावयाच्या वाटीत दुसऱ्यांदा मणगणं वाढलं. "घ्या, जावयबापू. तुमी इलात म्हणान कळलां." दुसरी वाटी शिवदासने संपवली. घशाखाली जाताना ती दोनदा थांबली होती.

कागद फायलीसाठी असतो. कागद वाचून कोणी त्याप्रमाणे वागेल, अशी शंका कंपनीत कोणालाच कधी आली नव्हती. इतर गावचे लोक शिवदासचा अहवाल वाचून शिव्या द्यायचे आणि आपल्याला हवं तेच करायचे. त्यामुळे त्याच्या खोटेपणाने झाडाचं पान हललं नव्हतं, असं तो स्वतःला सांगायचा आणि ते खरंही होतं. पण मामांचा तो जावई होता. जावई बोलला म्हणजे शिकलेला माणूस बोलला, शिवाय घरचा, शिवाय लेक दिलेला. त्याच्या शब्दावर शंका घेणं म्हणजे लेकीच्या संसारावर शंका घेणं. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा पाटाचं तोंड बांधलं. रोजचं शिंपणं दिवसाआड केलं, माघात चार दिवसांनी, फाल्गुनात आठ. पानं आणखी पिवळी झाली तेव्हा, अजून पाणी जास्तच होतंय, असं समजून आणखी कमी. चैत्र संपेस्तोवर चारशेपैकी साठ उरल्या. शिवदासला हे एका रविवारी कळलं, सुमंगलाकडून, भात वाढताना. त्याच दिवशी जाऊन सांगता आलं असतं. ट्रकांमधून तासाभराची वाट होती. तो गेला नाही. त्या आठवड्यात कचेरीत तपासणी होती. आठवड्यांना तपासणीचा तोटा कधीच पडला नाही.

मामा नंतर सात वर्षं जगले, आणि त्या सात वर्षांत ते जावयाला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते उलट जो भेटेल त्याला सांगायचे, "माझीच चूक. चाळीस वर्सां पाणी घालून घालून मीच मारलंय झाडां. जावयबापूंनी सांगितल्यार कळलां." शेवटी याच घरात, आतल्या खोलीत होते. सुमंगला कुलेराने पाणी पाजायची आणि ते दोन कुलेरांनंतर ओठ मिटायचे. "पुरे गो. जास्त जाता." शिवदास दाराशी उभा असायचा. तेव्हापासून त्याला कोरडी माती बघवत नाही. कुठेही असो, बँकेच्या दारातली कुंडी, शेजाऱ्यांची तुळस, देवळाच्या आवारातला जास्वंद, माती कोरडी दिसली की त्याचा हात तांब्याकडे जातो. माणसं म्हणायची, शिवदासबाबांना झाडांची काय माया. त्याला ते ऐकून अंगावर झुरळ चढल्यासारखं व्हायचं.

साडेदहाला त्याने म्हापशाच्या रोपवाटिकेतल्या रुद्रेशला फोन लावला. सुमंगलाची सगळी झाडं तिथलीच. शिवदासने लक्षणं सांगितली. ढेकूण, कोळी, चिकटा, काजळी, क्रमाने, रकान्यात भरल्यासारखी.

"शिवदासबाब," रुद्रेश म्हणाला, "ढेकूण सोडा. तो आजारी झाडार येतलोच, मयतार गावचो माणूस येता तसो. खोड दाबून बघलात?"

"नाय."

"दाबा."

"मागीर दाबतंय."

"पाणी किती घालतात?"

"थोडां."

"थोडां म्हणजे आठवड्यातून?"

शिवदासने रिकामा तांब्या पायाने खुर्चीखाली सरकवला.

"बाब?"

"रोज. सकाळी. कधी सांजेकय."

पलीकडे कोणीतरी कुंड्या रचत होतं, त्याचा आवाज ऐकू आला. मग रुद्रेश हळू, आजाऱ्याच्या नातेवाइकाशी बोलावं तसं बोलला. "बाब, ह्या दिसांनी ती झाडां निजतत. निजलेल्या माणसाच्या तोंडात कोण पाणी ओतता काय? तुमी बॉटनी शिकलात ना?"

फोन ठेवून शिवदासने म्हाताऱ्याच्या पोटावर अंगठा ठेवला. तीन आठवडे तो हे टाळत होता. राखाडी साल थंड आणि जराशी सैल होती, म्हाताऱ्या माणसाच्या दंडासारखी. त्याने दाबलं. अंगठा थांबला नाही. पिकून फुटलेल्या फणसात जावा तसा नखापर्यंत आत गेला, आणि भोवतीने तपकिरी पाणी वर आलं, फेसासकट. वास आला. त्याने अंगठा काढला नाही. किळस आली की माणूस हात मागे घेतो म्हणतात. त्याला तर वाटलं, आता काढला तर हा खड्डा दिसेल. तसाच उभा राहून त्याने ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. पाणी जास्त झालं. मुळं कुजली. चौदा कारणांतलं सातवं. आयुष्यात एकदाच ते खरं निघालं होतं, आणि नेमकं तेच त्याला तोंडातून काढता येत नव्हतं. ज्या जिभेने ते सुमंगलाच्या बापाला सांगितलं, त्याच जिभेने, तसंच्या तसं, तिला कसं सांगायचं? त्यापेक्षा धूळ बरी. धूळ तरी नवी होती.

चार वाजता गाडी आली. सिद्धेश पिशव्या दारात ठेवून, गौरवी एकटी आहे म्हणून, चहासुद्धा न घेता परतला. सुमंगलाने पायांवर पाणी घेतलं, पदराला हात पुसले आणि थेट बालकांवमध्ये गेली. शिवदास मागोमाग. त्याने फरशी धुतली होती, पिवळी पानं खुडली होती, म्हाताऱ्याची खड्ड्याची बाजू भिंतीकडे फिरवली होती. पाहणीच्या आधी जागा तयार ठेवण्याची त्याला सवय होती. सुमंगलाने अकरा कुंड्यांवरून एकदा नजर फिरवली. आतून ओलं पांढरं फडकं आणलं, म्हाताऱ्याचं उरलेलं पान दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि पुसलं. फडकं तांबडं झालं.

"ट्रक कधीधरून सुरू झाले?"

"नोव्हेंबराधरून."

"तरी म्हटलां." तिने फडकं उजेडात धरलं. "धुळीनच मेली बापडी. श्वास कसो घेतली? तुमी तरी काय करतलात."

शिवदासने जे मागायचं ठरवलं होतं ते तिने पानात वाढून दिलं होतं. त्याने फक्त हं म्हणायचं होतं. हं म्हणायला तोंडही उघडावं लागत नाही. खालून ट्रक गेला, मांडणी थरथरली. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. फडक्याकडे पाहत होती, आणि वाटीत दुसऱ्यांदा वाढताना मामा जसे वाट बघत थांबायचे तशी थांबली होती. त्याच्या तोंडात गोड पाणी सुटलं. ते त्याने गिळलं नाही. कठड्यावरून खाली थुंकला, जन्मात पहिल्यांदा.

"नाय," तो म्हणाला. "धूळ पुसली की जाता. ह्यांका पाणी जास्त झालां. मुळां कुजली. मी घातलंय, रोज." आणि म्हाताऱ्याची कुंडी भिंतीकडून फिरवली.

सुमंगलाने खड्डा पाहिला. त्यात बोट घातलं नाही. बराच वेळ ती हातातल्या फडक्याची घडी करत राहिली, तांबडी बाजू आत, मग परत बाहेर. मग त्याच्याकडे न बघता तिने विचारलं,

"ह्या खेपेक खरां?"

त्याला वाटलं होतं की असा प्रश्न कधी आलाच तर पायाखालची फरशी वगैरे सरकेल. फरशी होती तिथेच होती, फक्त ओली होती. "ह्या खेपेक खरां," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "तुका कधीधरून..."

"बाबांनी पाट बांधलो त्या दिसाधरून. मी काय बॉटनी शिकाक नाय. पण पोफळ तहानेली की बुडालेली, ता आमच्या घरात पोरांकय कळता."

"मगे बाबांक सांगलंस नाय?"

"सांगून काय करू? तुमचो जावई लबाड म्हणान सांगू?" ती मोठ्याने बोलत नव्हती. "बाबांक ताय कळला आसतला. माका नाय वाटत त्यांका कळूक नाय. माझ्यासाठी त्यांनी ता खरा मानलां. आणि मी बघी होतंय, तुमी कधी बोलतात." तिने चाकू मागितला. "ह्या झाडांक पाणी कमी लागता, कोणाक विचारूक जावचां लागत नाय, म्हणान लावली मी. थंयसरय तुमी पोचलात."

पुढचा तासभर ते दोघं फरशीवर बसून झाडं उपटत होते. अकरापैकी सात आतून पूर्ण गेली होती, हातात धरली की सालीची पिशवी आणि आत लगदा. उरलेल्या चारांची मुळं पांढरी सापडेपर्यंत कापली. म्हाताऱ्याचं अर्धं पोट गेलं. सुमंगला कापत होती आणि शिवदास धरत होता; तपकिरी पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि तिने, पुसा, असं म्हटलं नाही. कापलेल्या जागी हळद दाबून तिने म्हातारा उलटा करून कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगला. मुळं वर, पान खाली. "पंधरा दिस पाणी दाखवूचां नाय. जगलो तर जगलो." मग साबणाने हात धुऊन ती आत गेली आणि रुद्रेशच्या रोपवाटिकेची एक जुनी पावती व पेन घेऊन आली. पावतीची पाठ कोरी होती.

"लिवा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचे तीन रकाने. बाबांच्या कुळागराचे."

"आता? आता त्याचां कोण काय..."

"लिवा."

शिवदासने ओले हात पायजम्याला पुसले. चिकटा गेला नाही, कागद बोटाला धरून वर येत होता. डाव्या कोपराने दाबून धरावा लागला. आढळलेली लक्षणं, त्याने लिहिलं, पानं टोकांकडून पिवळी, कोवळ्या फळांची गळ. मग, संभाव्य कारण. पेन थांबलं. त्याने धूळ लिहिलं. त्यापुढे, पाटात खाणीचा गाळ. त्यापुढे, पाणी कमी. त्यापुढे, थोडी जागा होती म्हणून, बारीक अक्षरात, आणि पाहणी करणारा. शिफारशीचा रकाना तसाच राहिला. दोरीवर म्हातारा उलटा, सावकाश फिरत होता. सुमंगलाने त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द, गौरवी लहान असताना तिचा अभ्यास तपासायची तसं.

"ता 'संभाव्य' खोडा," ती म्हणाली.

त्याने खोडलं.

"आता सही." तो पेन टेकवणार तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं, तिथे अजून चीक होता. "ती न्हय. गौरवीच्या पुस्तकार करी होतास ती. वाचूक येयत अशी."